उकिडवा बसलेला पेशंट

«सर, मी 31 वर्षांची आहे. एम.एस. ऑर्थो, म्हणजे हाडांची सर्जरी, झालं, सरकारी सेवेचा बॉन्ड संपला, सध्या कोल्हापुरातच एका खासगी हॉस्पिटलमध्ये काम करते. वडिलांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. माझ्या शिक्षणापायी त्यांनी अर्धा एकर विकला. आता रिंग रोडला प्लॉट बघितलाय, बँकेत बोलणं झालंय, हॉस्पिटलचं नावसुद्धा ठरलंय. मला मात्र आफ्रिकेत जायचंय. एका परिषदेत तिथल्या कामावर व्याख्यान ऐकलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. पंधरा-पंधरा दिवसांच्या टीम जातात, त्यांच्याबरोबर सुरुवात करू की थेट वर्ष-दोन वर्षं जाऊ? याला करिअर म्हणता येईल का? आई म्हणते, गरिबांचीच सेवा करायची तर इथलं सरकारी सीपीआर रुग्णालय काय वाईट आहे? मला भीती वाटत नाही. हातात कसब आहे. गेल्या हंगामात एका मजुराचा हात चरकात सापडला होता, साडेचार तास ऑपरेशन करून मी दोन बोटं वाचवली. नाव छापू नका.»

पंधरा दिवसांच्या टीमबरोबर जाऊ नकोस. हे आधी सांगून टाकतो, कारण तुझ्या प्रश्नांपैकी या एकाचंच उत्तर मला ठाम माहीत आहे.

मोतीबिंदूचं शिबिर होतं. आज ऑपरेशन, उद्या पट्टी काढली की म्हातारीला नातवाचं तोंड दिसतं. हाडाचं काम असं उरकत नाही. मांडीचं हाड जुळायला तीन-चार महिने, आणि पू झाला तर दोन-दोन वर्षं. पंधरा दिवसांत मोडलेल्या हाडांत तीस-चाळीस रॉड घालून तू विमानात बसलीस की मागं तीस-चाळीस माणसं राहिली. त्यातल्या कुणाची जखम चिघळणार, कुणाचा स्क्रू कातडीखाली टोचायला लागणार, कुणाचा गुडघा आखडणार. ते निस्तरणार तिथला माणूस, ज्याला तू कुठली प्लेट घातलीस आणि ती कुठल्या पान्यानं निघते हेसुद्धा ठाऊक नाही.

मी हे तोंडावर पडून शिकलो. 1991 मध्ये आफ्रिकेतल्या मलावी देशात एका जिल्हा रुग्णालयात गेलो तेव्हा तुझ्याएवढाच होतो आणि तुझ्यासारखंच, हातात कसब होतं. पहिल्या महिन्यात मांडी मोडलेला एक सायकलवाला आला. तिथली पद्धत ट्रॅक्शनची, म्हणजे वजन लावून पाय ओढून ठेवायची. मी म्हटलं, हे काय जुनाट! स्टोअरमध्ये कुठल्याशा देशातून दान आलेली पेटी होती. प्लेट एका कंपनीची, स्क्रू दुसऱ्या कंपनीचे, आणि पाना दोन्हीला धड बसत नव्हता. तरी जुळवाजुळव करून मी प्लेट बसवली. एक्स-रे इतका सुरेख आला की दोन दिवस तो मी खिडकीला लावून ठेवला होता. माझा क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे एमबीबीएस नसलेला पण कामात तयार झालेला माणूस, ऑपरेशनच्या आधी एवढंच म्हणाला होता, «डॉक्टर, ट्रॅक्शनवर ठेवूया का?» मी ऐकलं नाही.

चौदा महिन्यांनी तो सायकलवाला परत आला. बैलगाडीतून, भावाच्या मांडीवर डोकं ठेवून. प्लेट मोडलेली, मांडीला दोन भोकं, त्यातून पू, गुडघा काठीसारखा ताठ. घर तीस मैलांवर, भाडं नाही, पावसात रस्ता बंद. म्हणून तो तेवढे महिने आलाच नव्हता. माझा हिशोब एक्स-रेपाशी संपला होता. पुढचे चौदा महिने त्यात धरलेलेच नव्हते.

त्याच वॉर्डात एका भिंतीला पंधरा खाटा होत्या. प्रत्येकीला कप्पी, दोरी आणि वजनाला वाळूची पिशवी. गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडातून आरपार पिन, तिला ती दोरी. याला पर्किन्सचं ट्रॅक्शन म्हणतात. यात पाय खिळवून ठेवायचा नसतो. खाटेचा पायाकडचा भाग काढायचा आणि पेशंटनं बसून दिवसातून अनेकदा गुडघा वाकवायचा-सरळ करायचा. सकाळी आठ वाजता एक जण गाणं सुरू करायचा आणि पंधराच्या पंधरा पाय तालात हलायचे. आपल्या तालमीत पहाटे जोर मारताना श्वासांचा जो एक आवाज येतो, तसंच काहीसं. त्या पंधरांपैकी बहुतेक जण आपल्या पायांनी, गुडघा वाकवत घरी गेले. माझा सुंदर एक्स-रेवाला तेवढा बैलगाडीतून आला.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कमीत कमी एक वर्ष, जमलं तर दोन. पहिले सहा महिने तू नुसती शिकणारच आहेस. पाऊस कधी लागतो, रक्त कुठून मिळतं, भूल देणारा माणूस कोण (बहुतेक ठिकाणी तो डॉक्टर नसतो आणि केटामिन-स्पायनलची भूल देताना तुझ्या-माझ्यापेक्षा शांत असतो), हे कळायलाच तेवढे जातात.

यातही एक फरक लक्षात घे. डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स, म्हणजे एमएसएफ, सर्जनला काही आठवड्यांसाठीच पाठवते. ते चालतं, कारण तिथं हॉस्पिटल वर्षभर उभं असतं, नर्स आणि फिजिओ तेच असतात, आणि एक सर्जन गेला की त्याच कागदांवर दुसरा सुरू होतो. तू त्या साखळीतली एक कडी असतेस. मानधन बेताचं मिळतं. आणि त्यांच्या बऱ्याच ठिकाणी आत प्लेट-रॉड घालायला परवानगीच नसते, कारण निर्जंतुक ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, खात्री नसताना आत लोखंड घालणं म्हणजे पुवाला आमंत्रण. तिथं काम असतं ते जखम धुण्याचं, मेलेलं मांस काढण्याचं, बाहेरून हाड धरून ठेवणारा फिक्सेटर लावण्याचं आणि जखम उघडी ठेवण्याचं. रेडक्रॉसच्या युद्धशस्त्रक्रियेचाही हाच धडा: आज साफ करा, टाके घालू नका, चार-पाच दिवसांनी बघून मिटवा. इथल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात एक जखम अशी उघडी सोडून दाखव, नातेवाईक तुझी कॉलर धरतील.

मला सगळ्यात आवडलेलं काम मात्र एका रॉडचं आहे. अमेरिकेतल्या डॉ. लुईस झर्कल यांनी 1999 मध्ये साइन नावाची संस्था काढली. सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र, नसलेल्या, कधी कधी वीजही नसलेल्या ओटीत मांडीत किंवा नडगीत लॉकिंग, म्हणजे स्क्रूनं अडकवायचा, रॉड घालता यावा, म्हणून त्यांनी भरीव रॉड आणि बाहेरून लावायचा एक दांडा बनवला. रॉडमधलं स्क्रूचं भोक एक्स-रेवर बघायचं नाही, बारीक हत्यारानं हाडातून चाचपून शोधायचं. अंधारात कुलूप चाचपतो ना, तसं. रॉड हॉस्पिटलला फुकट मिळतात, पण त्या बदल्यात प्रत्येक केसची नोंद आणि एक्स-रे पाठवावे लागतात. आणि काही महिन्यांनी एक फोटो: पेशंट उकिडवा बसलेला आणि हसणारा. हाड जुळलं की नाही, गुडघा आणि घोटा वाकतो की नाही, दुखतं की नाही, तीन प्रश्नांचं उत्तर एका फोटोत. आपल्या माणसालाही शेवटी हेच हवं असतं. रॉड टायटॅनियमचा की स्टीलचा हे तो विचारत नाही. «डॉक्टर, मांडी घालून जेवाय येईल न्हवं?» हे विचारतो.

तू कुठंही गेलीस तरी एवढं बघ: ज्या संस्थेबरोबर चाललीस ती सहा महिन्यांनंतरच्या पेशंटचं काय दाखवते? नुसते ऑपरेशनचे आकडे आणि टीमचे फोटो दाखवत असेल तर नमस्कार करून उठ.

आता, करिअर म्हणतात का याला? म्हणतात, पण पाटी वेगळी लागते. 2015 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगानं हिशोब मांडला होता: जगातल्या 5 अब्ज लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया आणि भूल मिळत नाही, आणि दरवर्षी 14 कोटी 30 लाख जादा ऑपरेशनं व्हायला हवीत. एखादं जिल्हा रुग्णालय धड आहे का हे ओळखायला त्यांनी तीन खुणा सांगितल्या. सिझेरियन, पोट उघडून करायचं ऑपरेशन, आणि तिसरी आपली, उघड्या फ्रॅक्चरचा इलाज. पण हा खड्डा तू एकटी ऑपरेशनं करून भरू शकत नाहीस. म्हणून खरं पद ऑपरेशन करणाऱ्याचं नसतं, शिकवणाऱ्याचं असतं. मलावीत हाडाचं बहुतेक काम करतात ते ऑर्थोपेडिक क्लिनिकल ऑफिसर. एमबीबीएस नसतात, पण प्लास्टर, ट्रॅक्शन, हाड बसवणं यात तयार झालेले. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सर्जननी 1999 मध्ये आपलं स्वतःचं कॉलेज काढलं, कोसेक्सा. ते तिथल्याच हॉस्पिटलांमध्ये तिथलेच सर्जन घडवतं. अशा ठिकाणी शिकवायला गेलीस तर तू परतल्यावरही काम चालू राहतं.

वाकड्या पायाची मुलंच घे ना. दर हजार जन्मांमागे साधारण एक. पॉन्सेटींची पद्धत: दर आठवड्याला पाय थोडा वळवून प्लास्टर, अशी पाच-सहा, मग टाचेच्या शिरेला बारीकसा छेद, मग पाय वळवून धरणारे बूट. तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढं चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. यात मोठी ओटी लागत नाही. लागतो तो प्लास्टर करणारा नीट शिकलेला माणूस, आणि चार वर्षं बूट घालायला लावणारी आई. तू अशी दोन माणसं तयार केलीस तर चाळीस रॉडांपेक्षा जास्त झालं.

आईचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस. सीपीआर वाईट नाहीच. उलट मी म्हणेन, तिकीट काढायच्या आधी सहा महिने सरकारी दवाखान्यात घाल. मलावीत माझ्या वॉर्डात मुलं यायची ती आंब्याच्या झाडावरून पडून. त्यांचा आंबा आपल्या दिवाळीनंतर येतो, आणि नोव्हेंबर उजाडला की कोपराच्या वर हाड मोडलेली पोरं रांगेत. आपल्याकडं तीच रांग एप्रिल-मेमध्ये लागते. अर्ध्यांच्या हाताला आधीच बांबूच्या कांब्या, आवळून. आपल्याकडं हाडवैद्य, तिकडं त्यांचा. तालमीतला वस्ताद निखळलेला खांदा एका झटक्यात बसवतो, मी डोळ्यांनी बघितलंय आणि मनातल्या मनात सलाम केलाय. पण कोपर मोडलेल्या लेकराच्या हाताला आवळपट्टी बसली की बोटं निळी पडतात, आणि दोन दिवसांत हात कायमचा मिटतो. नायजेरिया, इथिओपिया, मलावी, पन्हाळा, गोष्ट एकच. मी तिकडं त्या माणसांशी भांडण सोडलं. त्यांना एवढंच शिकवलं: पट्टी बांधल्यावर बोटं हलवायला सांग, हलली नाहीत किंवा गार पडली तर सोड आणि माझ्याकडं पाठव. त्यातले दोघं पुढं पेशंट स्वतः घेऊन यायला लागले.

इथं राहून शिकण्यासारखं सांगतो. सी-आर्म बंद आहे असं धरून काम करायला शीक. मांडी उघडून साधा के-नेल, म्हणजे जुना बिनस्क्रूचा रॉड, घाल. बाहेरून बसवायच्या फिक्सेटरवर हात बसव, आपल्या मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींची जेस पद्धत नीट समजून घे, साध्या पिना आणि जोडण्यांत किती काम होतं ते कळेल. बर्न्स वॉर्डात जाऊन कातडी लावायला शीक, उघड्या नडगीवर तीच लागते. आणि सिझेरियन चार बघून ठेव. जिल्हा रुग्णालयात रात्री दोनला तूच एकटी सर्जन असशील, तेव्हा «मी हाडांची» असं म्हणून चालत नाही. शेवटचं, पू. आफ्रिकेत माझ्या वॉर्डातली निम्मी मुलं हाडातल्या पुवाची होती. मेलेलं हाड काढायचं कधी आणि भोवती नवं हाड धरेपर्यंत थांबायचं किती, हे थांबणं आपल्या एम.एस.मध्ये कुणी शिकवत नाही. घाईनं काढलं तर पोराच्या पायात हाडच उरत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी असतं आणि त्याला प्रशिक्षणाचे 30 क्रेडिट पॉइंट लागतात. परदेशात असताना ते विसरायला होतं आणि परतल्यावर पळापळ. गुड स्टँडिंगचं, म्हणजे तुझ्यावर काही कारवाई नाही असं, प्रमाणपत्र आधी काढ, त्या देशाच्या कौन्सिलची तात्पुरती नोंदणी झाल्याशिवाय सुरीला हात लावू नकोस. सुई टोचली तर एचआयव्हीचं औषध 72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, 28 दिवस घ्यावं लागतं. ते हॉस्पिटलात आहे का हे पहिल्या दिवशी विचार. मी पहिल्या वर्षी विचारलं नव्हतं. त्या वेळी तसं काही नव्हतंही. ज्या रात्री के-वायर, म्हणजे हाडात घालायची टोकदार तार, बोटात घुसली ती रात्र मी अजून कुणाला नीट सांगितलेली नाही.

बाई म्हणून तिथं वेगळं काय, हे तू विचारलं नाहीस, बरं केलंस. «हाडं बसवायला ताकद लागते, तुम्ही गायनॅक का नाही घेतलं» हे इथंच इतकं ऐकलं असशील की तिकडं नवीन काही कानावर पडणार नाही.

आता वडील. आपल्याकडं असा विषय निघाला की कुणीतरी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव काढतंच. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, चौघं परतले, कोटणीस 9 डिसेंबर 1942 ला तिथंच वारले, वय 32. तू हे नाव घरात काढू नकोस. बापाला त्यातला मृत्यूच ऐकू येतो. खरं तर त्यांचं घेण्यासारखं वेगळं आहे: ते भाषा शिकले आणि तिथल्या मुलांना शिकवत बसले. मलावीतल्या चिचेवा भाषेत «पेपानी» म्हणजे सॉरी, दुखतंय ना, वाईट वाटतं. तो एक शब्द मी पहिल्या दिवशी शिकलो असतो तर सायकलवाल्यानं पहिल्या महिन्यात मला त्याचं गाव किती लांब आहे ते सांगितलं असतं.

वडिलांपुढं पैशाचं बोल, सेवेचं नको. ज्यानं अर्धा एकर विकला त्याला सेवा म्हणजे काय हे तू सांगायची गरज नाही. प्लॉट घ्यायचा तर घेऊ देत, जमीन कुठं जात नाही. पण बांधकामाचं कर्ज तू जाण्याआधी उचलू देऊ नकोस. दर महिन्याच्या हप्त्याचा फोन आला की मलावीत बसून माणूस काम करत नाही, आणि इथं नसल्यामुळं हप्ताही भरत नाही. माझ्या एका मित्राचं तसं झालं, सात महिन्यांत परत आला, आणि तेव्हापासून आफ्रिकेचं नाव काढलं की चिडतो.

आणि नुकसान लपवू नकोस, त्यांच्यापासूनही आणि स्वतःपासूनही. मी 1998 मध्ये परतलो तेव्हा माझ्या बॅचचे लोक गुडघे बदलत होते, दुर्बिणीतून लिगामेंट शिवत होते. मला ते येत नव्हतं. माझ्याहून सहा वर्षांनी लहान पोराच्या हाताखाली उभं राहून मी गुडघा बदलायला शिकलो. प्रॅक्टिस बसायला आठ वर्षं गेली. शाहूपुरीत मित्राच्या तीन मजली हॉस्पिटलखालून जाताना पोटात कालवायचं, खोटं कशाला बोलू. वडील विचारतील, «मग ते गेले कशाला?» तर त्यांना सांग, म्हणावं ते म्हातारे अजून तिथल्या सकाळच्या गाण्याची चाल गुणगुणतात.

वडिलांशी बोलायचं असेल तर घरी नको. संध्याकाळी गुऱ्हाळावर जा, शेवटची काहील उतरल्यावर. चुलवाण निवत असतं, गुळव्या घरी गेलेला असतो, तेव्हा माणूस ऐकतो.

एक राहिलं. तुझ्या पत्रात त्या मजुराचं आहे, चरकात हात गेलेल्याचं. साडेचार तास लिहिलेस, दोन बोटं लिहिलीस. हंगाम तर कधीच संपला. तो परत दाखवायला आला होता का? त्या दोन बोटांनी भाकरीचा तुकडा मोडता येतो का त्याला, कोयता धरता येतो का? माहीत नसेल तर गुऱ्हाळाच्या मालकाकडून त्याचा फोन नंबर घे, लांबच्या गावचा असेल तर एसटीनं जा. भेट झाली की मला लिही. आफ्रिकेचं पुढं त्या पत्राच्या उत्तरात बोलू.